संचयाची मर्यादा आणि मालकी

गृहस्थाने उद्यासाठी किती साठवावे, या प्रश्नाला धर्मशास्त्राने बगल दिलेली नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाचे चार प्रकार येतात: कोठारभर धान्य असलेला, मडकेभर असलेला, तीन दिवसांपुरते असलेला आणि उद्याचीही तरतूद नसलेला. यांत पुढचा तो आधीच्याहून श्रेष्ठ. मात्र कोठारभर म्हणजे किती, यावर टीकाकारांचे एकमत नाही. कोणी तीन वर्षे म्हणतो, कोणी बारा दिवस. आदर्श सर्वांना मान्य, माप मात्र ज्याचे त्याचे!

जैन श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात हे माप स्वतःच आधी ठरवून घ्यायचे असते. पाली सिगालोवाद सुत्त अधिक व्यवहारी आहे: मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगावा, दोन धंद्यात घालावेत, चौथा अडीअडचणीसाठी राखावा. संचयाला सरसकट पाप कोणीच म्हणत नाही.

संचय नाकारण्याचे एक टोकाचे आधुनिक उदाहरण गांधीजींचे. मुंबईत त्यांनी 10,000 रुपयांचा विमा उतरवला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत गीतेतल्या अपरिग्रहाचा विचार करताना त्यांनी तो बंद पडू दिला. विमा उतरवून आपण बायकामुलांचे स्वावलंबन हिरावून घेतले, असे त्यांना वाटले. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण 1904 मध्ये त्यांच्याभोवती फिनिक्सची सामूहिक वसाहत उभी राहिली, हेही ध्यानात घ्यावे लागते. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या पगारदाराला असा आधार नसतो. त्याच्या बाबतीत अपरिग्रहाचा भार बहुधा मुलांच्या खांद्यावर पडतो.

भारतातल्या या पगारदारासाठी आकडा सरकार ठरवते. जुन्या करप्रणालीत वर्षाला 1.5 लाख रुपयांपर्यंतची ठरावीक बचत करपात्र उत्पन्नातून वजा होते. भविष्य निर्वाह निधी, मुलीच्या नावची सुकन्या समृद्धी, आयुर्विमा, मुलांचे शाळा-कॉलेजचे शिक्षण शुल्क, सारे याच एका मर्यादेत. म्हणजे स्वतःचे म्हातारपण आणि लेकराचे शिक्षण यांना एकाच ताटात जेवायचे असते. राष्ट्रीय पेन्शन योजनेला 50,000 रुपयांची वेगळी सवलत आहे, पण तिथला पैसा मुख्यतः साठीनंतरचा. 2023-24 पासून वेगळा पर्याय न निवडल्यास आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत यातले जवळपास काहीच वजा होत नाही. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे आणि सुकन्या खात्याचे व्याज मात्र करमुक्त राहते. मार्चअखेर घाईघाईने पैसे भरणाऱ्याचा हेतू बचतीचा होता की कर वाचवण्याचा, याचा निवाडा या बदलाने आपोआप होऊ लागला आहे.

मर्यादेपेक्षा अवघड प्रश्न मालकीचा आहे. धर्मशास्त्रकार दानाची व्याख्या काटेकोर करतात: आपला हक्क सुटला पाहिजे आणि दुसऱ्याचा निर्माण झाला पाहिजे. या कसोटीवर खाती वेगवेगळी ठरतात. सुकन्या खाते दहा वर्षांखालील मुलीच्या नावे उघडते, ते तिचे असते आणि अठराव्या वर्षी त्याचे व्यवहार तिच्याकडे जातात. शिक्षणासाठी शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. ते दान आहे. आईवडिलांनी स्वतःच्या नावे पंधरा वर्षांच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत ‘मुलाच्या शिक्षणासाठी’ ठेवलेले पैसे मात्र संकल्पच राहतात. गरज पडली तर ते घराच्या दुरुस्तीतही जातात. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला त्याग म्हणू नये.

उलट बाजूने, स्वतःच्या म्हातारपणासाठी साठवणे स्वार्थी दिसते, पण तसे असतेच असे नाही. ज्याची तरतूद नाही, तो शिक्षणावर केलेल्या खर्चाची परतफेड मुलांकडे न बोलता मागत राहतो. आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी 2007 च्या कायद्याने मुलांवर टाकलीच आहे. शिक्षणासाठी बँक कर्ज देते. सत्तरीतल्या किराणा-औषधांसाठी कोणी सहज देत नाही. त्यामुळे पैसा अपुरा असेल तेव्हा आधी निवृत्तीचे खाते भरणे हा व्यवहाराइतकाच धर्माचाही निर्णय ठरू शकतो. अपवाद एकच: मूल शिकण्याच्या वयात आले आहे आणि कर्ज मिळण्याची शक्यता नाही. तेव्हा वेळ मुलाची असते, कारण म्हातारपणासाठी अजून काही वर्षे कमावता येतात, शाळेचे वर्ष गेले की ते फिरून मिळत नाही.