किती घासावे?

जुनी मोटारगाडी पूर्वस्थितीस आणताना बारीकसारीक जागांसाठी विजेवर चालणारे लहान सँडर कोणते घ्यावे, हा प्रश्न वरकरणी दुकानदाराला विचारण्याजोगा आहे. किंमत, वजन आणि हमीची मुदत पाहिली की तो सुटला, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते त्याला नीतीची एक बाजू आहे. चुकीचा बोल्ट लावला तर तो काढता येतो, न आवडलेला रंग पुन्हा देता येतो. परंतु घासून गेलेला थर आणि झिजलेली कड परत आणण्याचा उपाय कोणाजवळही नाही. जे परत करता येत नाही ते काढून टाकण्यापूर्वी माणसाने स्वतःला कोणती मर्यादा घालून घ्यावी, असा हा प्रश्न आहे. आणि ती मर्यादा यंत्र निवडतानाच ठरवावी लागते, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

उदाहरण डोळ्यांसमोर असावे म्हणून १९६४ सालची फियाट ११०० घेऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातली ही गाडी. हिलाच पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. अशा गाडीच्या पत्र्यावर कारखान्याचा रंग, त्यावर केव्हातरी भरलेली लांबी, त्यावर दुसरा रंग, असे थरावर थर असतात. एखाद्या घराच्या साठ वर्षांच्या हिशेबाची ती वहीच म्हणावी लागेल. आजच्या गाडीवरील कारखान्याचा सगळा रंग मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास भरतो. कडांवर तो याहूनही पातळ असतो. तेव्हा वही वाचण्याआधीच तिची पाने उडून जाण्यास फार वेळ लागत नाही.

आता यंत्रांकडे वळू. गॅरेजमध्ये सर्वांच्या हाताशी असते ते ग्राइंडर. ते एकाच दिशेने, एकाच अक्षाभोवती, मोठ्या वेगाने फिरते; दाबले तरी ते सहजासहजी हटत नाही. त्याच्याखाली पत्रा तापतो, तापून वाकतो, आणि बारीक घडीच्या जागी क्षणात भोकही पडते. याउलट ज्या सँडरची गोल चकती स्वतःभोवती फिरता फिरता लहानसा झोकाही घेते, त्याच्या कागदाचे ओरखडे एकावर एक न पडता विखुरतात. त्याचा दुसरा एक गुण मला विशेष विचारणीय वाटतो. त्याची चकती मोकळी फिरत असल्याने तिच्यावर अवाजवी जोर दिला की तिचे फिरणे मंदावते. हाताची घाई वाढली की यंत्र आपण होऊन काम कमी करते. कारागिराच्या अधीरतेला असा उलट जबाब देणारे साधन बारीक कामासाठी पसंत करावे, हे उघड आहे.

त्यातही चकती ७५ मिलिमीटरच्या आसपासची असावी. १२५ मिलिमीटरची चकती छतावर किंवा बॉनेटवर शोभते, दिव्याच्या कड्याभोवती नव्हे. झोका पाच मिलिमीटरचा असेल तर माल लवकर निघतो, अडीच-तीन मिलिमीटरचा असेल तर हळू निघतो आणि पृष्ठभाग नितळ राहतो. बारीक कामाला दुसराच योग्य. वेग कमीजास्त करण्याची सोय हवी. वळणदार पत्र्यासाठी चकती आणि कागद यांच्यामध्ये मऊ फोमची गादी बसविता आली पाहिजे. दाराच्या मुठीमागची खाच, पन्हाळीचा कोपरा अशा जागी गोल चकती पोहोचत नाही. तेथे त्रिकोणी टोकाचे, केवळ थरथरणारे सँडर चालते. आणि जेथे तेही पोहोचत नाही तेथे यंत्र बाजूस ठेवून बोटाने कागद फिरवावा. कडांवर चिकटपट्टी लावून त्या शेवटी हातानेच घासाव्यात. कागद ८० नंबरपासून सुरू करावा की ३२० पासून, हे खालच्या थराची अवस्था पाहून ठरवावे. जेवढ्या बारीक कागदाने काम होईल त्याहून जाड कागद घेऊ नये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्बळ नाही. साधन निर्दोष असते, दोष असतो तो हाताचा. कसबी माणूस ग्राइंडरनेही नाजूक काम करील आणि अडाणी माणूस साध्या कागदानेही नासाडी करील, असे म्हटले जाते. हे खरे आहे. तथापि वकिलाच्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते. माणसे करार लिहून ठेवतात ती समोरच्यावर अविश्वास म्हणूनच लिहितात असे नाही. आपलेही मन उद्या आजच्यासारखे राहणार नाही, हे शहाण्याला ठाऊक असते. सकाळी ताज्या मनाने काम सुरू करणारा कारागीर आणि संध्याकाळी थकलेला, उरलेले दार आजच उरकू पाहणारा कारागीर, हे दोघे एकाच नावाचे असले तरी एकाच संयमाचे नसतात. सकाळच्या माणसाने संध्याकाळच्या माणसाला लिहून दिलेला करार म्हणजे लहान सँडर.

दुसरा आक्षेप मालकीचा. गाडी माझी, रंग माझा. तो खरवडून काढण्याचा अधिकार माझा. कायद्याने हे बव्हंशी मान्य आहे. पण जुनी वस्तू जुनी म्हणून मिरवायची असेल तर तिच्यासोबत काही जबाबदारी येते, आणि कायदाही तेथे बोलू लागतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदण्याची तरतूद केली. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, सांगाडा, बाह्य कवच आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. १९६४ ची फियाट वयाने या व्याख्येत बसते. मूळ स्वरूपाने बसते की नाही, हे तिच्या मालकाच्या हातावर अवलंबून.

मूळ म्हणजे काय, हा प्रश्न इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे १९९० साली आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेली बेंटली गाडी १९२९ आणि १९३० साली ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे अनेक भाग बदलले गेले. १९२९ च्या मूळ भागांपैकी फारच थोडे उरले. ठरलेला सौदा खरेदीदाराने मोडू पाहिला. ही ती गाडीच नव्हे, असे त्याचे म्हणणे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गाडीचे आयुष्य कोठेही तुटले नाही, ती टप्प्याटप्प्याने बदलत आली, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. यातून घेण्यासारखा बोध असा की वस्तूची ओळख तिच्या अखंड आणि सिद्ध करता येणाऱ्या इतिहासावर उभी असते. रंगाचे जुने थर हा त्या इतिहासाचा पुरावा. पुरावा नष्ट करणाऱ्याकडे न्यायालय संशयाने पाहते. आपणही आपल्या हाताकडे तसेच पाहावे. म्हणून घासण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, आणि डिकीच्या आत किंवा दाराच्या बिजागरीजवळ बोटभर जागा मुळीच न घासता तशीच राखावी.

याचा अर्थ गंजही पवित्र मानावा असा नाही. रंगाखाली गंज पसरत असेल तर निरोगी पत्रा लागेपर्यंत तो काढलाच पाहिजे. तेथे हात आखडणे हा संयम नसून हयगय आहे. आपल्या भाषेतला जीर्णोद्धार हा शब्द येथे वाट दाखवितो. त्यात उद्धार आहे, पण जीर्णाचा. जीर्ण म्हणून जे उरले आहे ते पुसून टाकले तर उद्धार कशाचा करावयाचा? अवश्य तेवढे काढावे आणि अवश्य ते जरूर काढावे, ही दोन्ही वाक्ये एकदमच पाळावयाची आहेत.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे घासणे बहुधा मालक स्वतः करीत नाही. रोजावर आलेला एखादा पोरगा करतो. जुन्या रंगांत शिसे असू शकते, आणि पूर्वी पत्र्याच्या सांध्यांवर शिशाचा डाखही भरीत. घासताना उडणारी धूळ त्याच्या छातीत जाते, कपड्यांवरून त्याच्या घरातील मुलांपर्यंत पोहोचते. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली. साठ वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या रंगाला तो नियम मागे जाऊन लागणार नाही. म्हणून धूळ ओढून घेणारी नळी ज्याला जोडता येते असेच सँडर घ्यावे, आणि त्यासोबत धूळ गाळणारा चांगला मुखपट्टा घ्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल त्या कामाचा नाही. पाणी मारून घासल्याने धूळ बसते खरी, परंतु भिंतीतल्या विजेवर चालणारे यंत्र ओल्या पत्र्यावर धरणे जिवावर बेतू शकते. ओले काम वॉटर पेपरने हातानेच करावे. नळीचे आणि मुखपट्ट्याचे पैसे वाचवून जो गाडीला झळाळी आणतो, त्याने त्या झळाळीची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसाकडून वसूल केलेली असते.

तेव्हा दुकानात गेल्यावर हे यंत्र किती जलद घासते, असे विचारू नये. ते किती लवकर थांबविता येते, दाबल्यावर काय करते आणि धूळ कोठे टाकते, असे विचारावे. या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारे यंत्र कदाचित थोडे महाग पडेल, आणि त्याने काम दोन दिवस अधिक चालेल. साठ वर्षे टिकलेल्या गाडीसाठी, आणि तिच्याजवळ वाकून बसलेल्या माणसासाठी, ते दोन दिवस जास्त नाहीत.