टोपली आणि दोन आया



प्लेनो येथे बाळ दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्यांच्या मनात प्रथम येते, "कोणती संस्था लवकर मूल देईल?" त्याआधी तोरातील टोपली आठवावी. फारोच्या कन्येने मोशेला पाण्यातून काढले, नाव दिले, पुत्र मानले. पण मिर्याम काठावर उभी होती. तिच्या सांगण्यावरून जन्मदात्री योखेबेदच दाई झाली, तिला वेतनही मिळाले. एका आईला सुख देताना दुसरीला विसरले गेले नाही.

टेक्सासच्या कायद्यानुसार बाळ जन्मल्यावर ४८ तास होईपर्यंत माता हक्क सोडल्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करू शकत नाही. परवानाधारक संस्थेच्या नावे केलेली सही मात्र मागे घेता येत नाही. म्हणून परवाना पाहा, खर्चाचा लेखी हिशेब मागा, आणि विचारा : मातेवर घाई तर होत नाही ना? तिला सल्ला कोण देतो? पुढे तिची विचारपूस होते का? ह्यांना नीट उत्तर न देणारी संस्था कितीही लवकर मूल देवो, ती सोडा.

प्लेनोच्या उत्तरेस शर्मन गावी राहिलेल्या एडना ग्लॅडनीबाईंच्या खटपटीने १९३६ साली टेक्सासच्या जन्मदाखल्यांतून 'अनौरस' हा शब्द गेला. खरी सेवा ती हीच.

जन्मदात्री यहुदी नसल्यास मिला व तबिला यांविषयी रब्बींना आधीच विचारावे.

अनाथाला घरी वाढविणारा जणू त्याचा जन्मदाताच, असे तलमूद शिकविते. परमेश्वर अशा घरांना आशीर्वाद देवो. आमेन.