विरोधकाशी बोलताना

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले, तेव्हा आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. साहेब समोर दिसला की देशी माणसाने बिचकावं, असे ते दिवस. या गृहस्थाने मात्र अदबीने जागा करून दिली आणि संस्कृत काव्यावर मनापासून गप्पा मारल्या. निरोप घेण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हातावर ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळक वाचत गेले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. 

या घटनेशेजारी १८५७ मधले मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरचे वाद ठेवून पाहावेत. एका बाजूला मिशनरी, दुसऱ्या बाजूला हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी. विद्वत्ता दोन्हीकडे होती, तळमळही होती. पण जाहीर वादात समोरच्याला खोडून काढायचं असतं, त्याचं ऐकून घ्यायला सवड नसते. आगगाडीतल्या माणसाने आधी टिळकांची विद्या ओळखली, तिचा मान राखला, आणि मगच आपली श्रद्धा पुढे केली.

त्याच नव्या करारात पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिताना कृपायुक्त बोलण्याला मिठाची उपमा दिली. हे त्याने बंदिवासातून लिहिलं आणि मंडळीबाहेरच्या लोकांशी कसं वागावं हे सांगताना लिहिलं, याकडे सहसा लक्ष जात नाही. आपल्या माणसांत गोड बोलणं फारसं अवघड नसतं. त्याला काळजी होती ती परक्यांशी होणाऱ्या बोलण्याची, आणि तिथे त्याने मध सुचवला नाही. याकोब तर त्याहून कडक आहे. ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची त्याच तोंडाने देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाला शिव्याशाप द्यायचे, हे त्याला मुळीच चालत नाही. याकोबाचं मानलं तर रविवारची उपासना आणि सोमवारी शेजाऱ्याशी झालेलं भांडण यांचा हिशेब वेगवेगळा ठेवता येत नाही.

टिळक स्वतः तापट. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांचा संताप जागोजागी दिसतो, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने तो धुऊन निघाला असं त्या कुठेही भासवत नाहीत. धर्मांतरानंतर नवराबायकोची ताटातूट झाली. पुढे दोघं पुन्हा एकत्र आली तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक, पाणी, शिवाशिव, सगळं पूर्वीसारखंच. एवढ्या रागीट माणसाने या एका बाबतीत मात्र बायकोवर सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचारातून पटलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कृपेची भाषा म्हणजे नुसते मऊ शब्द नव्हेत. दुसऱ्याला त्याच्या वेळेने विचार करू देणं हा तिचा बहुधा सर्वांत कठीण भाग, आणि घरात तर तो फारच कठीण.

सौम्य बोलणारा माणूस सत्य गिळतो, अशी शंका रास्त आहे. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे पाहिलं की ती फिटते. जमिनी बळकावणाऱ्यांविरुद्ध, गुंडगिरीविरुद्ध आणि वसईची हिरवाई ओरबाडणाऱ्यांविरुद्ध ते हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले. तिथे मोघम बोलून भागणार नव्हतं आणि ते मोघम बोललेही नाहीत. २०१९ मध्ये साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, धमक्यांचे फोनही आले. त्यांनी धमकावणाऱ्यांची भाषा उचलली नाही. जानेवारी २०२० मध्ये पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही ते संमेलनासाठी उस्मानाबादला गेले, आणि ज्यांना त्यांचं तिथे असणंच नको होतं, त्यांच्यासह सगळ्या मराठी वाचकांपुढे असहिष्णुतेविरुद्ध स्पष्ट बोलले.