बुवा बदलतात का?

तुकाराम बीजेला आमचं मंडळ कसालात भजनाला बसतं, तेव्हा शेवटी तुकोबांची आरती होते. तिच्या अखेरीस रामेश्वराचं नाव येतं. कोरसमधल्या निम्म्या पोरांना तो आचऱ्याचा रामेश्वर वाटतो. हा वाघोलीचा रामेश्वरभट्ट. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारा म्हणून परंपरा ज्याला ओळखते, तोच. आणि आरतीही त्याचीच.

मी पखवाजी. जाहिरातीत 'मृदंगमणी' छापतात, तो मी. जन्म बुवांच्या शेजारी बसून गेला, त्यामुळे अहंकाराचा माझा अभ्यास पुस्तकी नाही. ज्याला सगळं जग आपला कोरस वाटतं, तो माणूस बदलू शकतो का, हा प्रश्न मला पडला तो आमच्या दादामुळे. दादा माझा चुलतभाऊ, डबलबारीतला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यातला बुवा. समोरच्या बुवाने गजराला टाळ्या घेतल्या की हा पेटी बाजूला सारून पान लावायला घ्यायचा. माझ्या तिहाईला कुणी दाद दिली तर पुढच्या अभंगाला लय अशी चढवायचा की माझे हात भरून यावेत. बारी जिंकली तर गळा त्याचा. हरली तर पखवाज उतरलेला. "मी नसलंय तर बारी रंगाची नाय," हे त्याचं पालुपद. आणि हाच माणूस रोज रात्री डोळे मिटून 'तुका म्हणे' गायचा.

देवाधर्माने मीपणा गळतो असं म्हणतात. मला तर उलट वाटतं, मीपणाला दडून बसायला देवळाइतकी सोयीची जागा नाही. तिथे पाया पडणारे आयते मिळतात. देहूच्या मंबाजी गोसाव्याचंच बघा. त्याचा मठ तुकोबांच्याच गावात. संत बहिणाबाई देहूला आल्या, तेव्हा त्यांना आपली शिष्या करून घ्यायचं त्याच्या मनात होतं. त्यांनी सांगितलं, मला तुकोबांचा उपदेश स्वप्नात झालाय. झालं! मंबाजीने त्यांची गाय नेली, कोंडली, चारापाण्यावाचून ठेवली, झोडपली. भांडण एका बाईच्या नकाराचं, मार मुक्या जनावराला. हे बहिणाबाईंनी आपल्या आत्मकथनपर अभंगांत स्वतः सांगून ठेवलंय. तुकोबांच्या गोष्टींत हाच मंबाजी काटेरी फांदीने त्यांना झोडपतो, तुकोबा त्याचेच हातपाय चेपायला जातात आणि तो वरमतो. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण मला साक्ष हवी ती ज्या घराची गाय नेली त्या घराची. ज्याने मारलं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं का, यावर पालट ठरत नाही.

मग रामेश्वरभट्ट कसा पालटला? महिपतींनी १७७४ साली 'भक्तलीलामृत' पुरं केलं, तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर सव्वाशे वर्षांनी. त्यात ही हकिकत आहे. अनगडशहा फकिराच्या शापाने भट्टाच्या अंगाचा दाह सुरू झाला. वेद येत होते, दाह जाईना. उतार पडला तो तुकोबांनी धाडलेल्या अभंगाने. इथे वादात त्याला कुणी हरवलं नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. हरला असता तर आणखी चिडला असता. ज्याला तुच्छ लेखलं त्याच्याकडून औषध घ्यावं लागलं, तिथे तो मोडला. दादासारखी माणसं द्यायला नेहमी पुढे, चारचौघांत पाकीट काढतील. घेताना मात्र त्यांचा हात वर येत नाही.

डॉक्टर लोकांनी या स्वभावाच्या टोकाला १९८० पासून विकार म्हणून नाव दिलंय. खास असं औषध त्यावर नाही. वर्षानुवर्षं बोलत बसायचं, आणि समोरचा मान डोलवेनासा झाला की बरेच जण मधेच उठून जातात. टिकतात ते थोडे बदलतात. मुळात त्यासाठी म्हणून क्वचितच कुणी येतो. बायको सोडून गेली, धंदा बसला, झोप उडाली, की येतो. म्हणजे तिथेही आधी दाह लागतोच.

गीतेचा सोळावा अध्याय या लोकांना माफ करत नाही. दंभ, दर्प, 'माझ्यासारखा दुसरा कोण' म्हणणारे पुन्हा पुन्हा आसुरी योनीतच पडतात, असं भगवंत म्हणतात. ज्ञानोबांनी त्यावर तितक्याच कडक ओव्या लिहिल्या, आणि ग्रंथ संपवताना दुष्टांचा वाकडेपणा जावो असं मागितलं. दुष्ट जावोत असं मागितलं नाही. मी ज्ञानोबांकडचा. फक्त त्या मागण्याची किंमत घरातल्या बाईने जन्मभर मार खाऊन, अपमान गिळून मोजू नये.

दादाचा गळा गेला. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. आता त्याचा शिष्य पेटीवर बसतो आणि दादा मागे झांज घेऊन. पोराची जागा चुकली की अजून घसा खाकरतो, पण उठून जात नाही. मी वयनीला विचारलं, दादात काही फरक? ती म्हणाली, "भावजी, पयले जेवान झाला काय ताट ढकलून उठत. आता इचारतत, तू जेवलंस? पण कोण पावणो आयलो असलो तर."

गेल्या पावसात वयनी लेकीकडे कुडाळला महिनाभर राहून आली. आधी हे जमलंच नसतं. तिने पिशवी भरली की दादाच्या छातीत दुखायचं. यावेळी त्याने स्वतः उकड्या तांदळाची पेज केली, आणि कसाल तिठ्यावरच्या रिक्षावाल्यांपासून ओरोसच्या कचेरीतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ते सांगून आला. पेज कशी करावी, हेही शिकवलंन. वयनी परतल्यावर मी हे हसत हसत तिच्या कानावर घातलं.

"सांगांदेत," ती म्हणाली. "पेज तर केल्यानी मा!"