म्हातारपण, झोप आणि काळोख

१९९५ साली अमेरिकेत ‘द मेलाटोनिन मिरॅकल’ हे पुस्तक धडाक्यात खपलं. मेलाटोनिन घ्या, म्हातारपण लांबवा, असा त्याचा सूर. लेखकांपैकी वॉल्टर पिएरपाओली यांनी तरुण उंदरांची पिनियल ग्रंथी, म्हणजे मेंदूतली मेलाटोनिन स्रवणारी ग्रंथी, म्हाताऱ्या उंदरांत बसवली होती, आणि त्यांचं आयुष्य वाढलं असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी रेपर्ट आणि वीव्हर या संशोधकांनी ‘सेल’ या नियतकालिकात नेमकं मर्मावर बोट ठेवलं. जनुकीय दोषामुळे पिएरपाओलींनी वापरलेल्या वाणाच्या उंदरांत मेलाटोनिन तयारच होत नाही. मग आयुष्य वाढलं असेल, तर ते कशानं?

गोळीवरची श्रद्धा मात्र तेव्हापासून वाढतच गेली.

मुळात हे द्रव्य सापडलं तेही झोपेच्या शोधात नव्हे. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांना कोडावर इलाज हवा होता. बेडकाची कातडी फिकी करणारं हे द्रव्य त्यांनी १९५८ साली गुरांच्या पिनियल ग्रंथींतून वेगळं काढलं. पुढे कळलं, की अंधार पडला की ते रक्तात वाढू लागतं, मध्यरात्रीनंतर शिगेला पोचतं आणि पहाटे ओसरतं. पण रात्रभर हुंदडणाऱ्या प्राण्यांतही ते रात्रीच वाढतं. म्हणून त्याला झोपेचं द्रव्य म्हणणं मला पटत नाही. ती रात्र झाल्याची दवंडी आहे. ती ऐकून कुणी अंथरूण घालतं, कुणी शिकारीला निघतं.

वयाबरोबर बहुतेकांत ही दवंडी क्षीण होत जाते. मेंदूतल्या घड्याळाचा ठेका ढिला पडतो. डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि ज्या निळसर प्रकाशावर ते घड्याळ रोज लागतं, तोच आत कमी शिरतो. त्यात आपली सत्तरीतली माणसं दिवसभर फ्लॅटच्या चार भिंतींत. रात्री अकरापर्यंत हॉलमधल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली टीव्ही, आणि अडीच-तीनला लघवीला उठलं की बाथरूमचा झगझगीत एलईडी थेट डोळ्यांवर. दिवसाचा उजेड आणि रात्रीचा काळोख, दोन्ही आपण त्यांच्याकडून काढून घेतले. वर म्हणतो, ‘या वयात झोप कमीच असायची.’ हे म्हणणं मला निर्दय वाटतं.

गोळीचा उपयोग आहेच. विमानप्रवासानं बिघडलेल्या झोपेत, दृष्टी पूर्ण गेलेल्यांच्या भरकटलेल्या दिनक्रमात ती खरोखर मदत करते. युरोपात ५५ वर्षांपुढच्यांसाठी २ मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी २००७ पासून मान्य आहे. मात्र नेहमीच्या निद्रानाशात तिच्यामुळे झोप सरासरी काही मिनिटंच लवकर लागते. शिवाय डबीवरच्या आकड्याचा भरवसा काय? अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या गमीज (चघळायच्या मऊ गोळ्या) तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले: २२ डब्यांवरचं प्रमाण चुकीचं, आणि एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच.

घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांना सकाळी गच्चीत किंवा सोसायटीच्या बाकावर थोडा वेळ उन्हात बसवा. जेवणं झाली की हॉलमधली ट्यूब बंद करा. बाथरूमच्या वाटेवर जमिनीलगत मंद पिवळा दिवा लावा, म्हणजे पायही अडखळणार नाही. आणि रक्त पातळ करण्याची किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेलाटोनिन देऊ नका.