रिकामी यादी आणि तिचा पुळका

कोड रिव्ह्यूत हमखास येणारा शेरा म्हणजे 'इथे नल चेक टाक'. मग प्रत्येक लूपच्या डोक्यावर तीच ओळ चढते: यादी नल नसेल तरच पुढे जा. जावामध्ये ती राहिली की नलपॉइंटर एक्सेप्शन ठरलेलं. या ओळींचा मला मनस्वी कंटाळा आहे.

टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत नल आणला आणि 2009 मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. जोशुआ ब्लॉक यांचा सल्लाही: यादी देणाऱ्या मेथडने नल देऊ नये, रिकामी यादी द्यावी. लूप एकदाही फिरणार नाही, पण प्रोग्रॅमही पडणार नाही. मी याच पंथातला.

पण आमचे एक सीनियर या पंथाचे फारच कडवे. डेटाबेसशी संपर्क तुटला तरी त्यांच्या कॅच ब्लॉकमधून रिकामी यादीच बाहेर पडते. विचारलं तर उत्तर तयार: "ॲप पडलं का?" नाही पडलं, कबूल. पण कर्जाच्या अर्जाचा कोड बघा. कागदपत्रांच्या यादीवर ऑलमॅच लावून विचारायचं, 'सगळी तपासली गेली आहेत का?' रिकाम्या यादीवर ऑलमॅच 'हो' म्हणतो. तर्कशास्त्रात ते बरोबरच आहे, कारण न तपासलेलं एकही कागदपत्र त्या यादीत नाही. अर्ज मात्र एकही कागद न बघता मंजूर!

मीटर वाचणारा दाराला कुलूप बघून वापर शून्य लिहीत नाही, 'घर बंद' असा शेरा मारतो. एसक्यूएललाही हा फरक थोडाफार कळतो: एकही ओळ सापडली नाही तर काउंट शून्य सांगतो, सम मात्र नल. गो भाषेत तर गंमतच आहे. तिथे नल स्लाइस रिकाम्या स्लाइससारखीच वागते: लांबी शून्य, तिच्यात भरही घालता येते, सगळं सुरळीत. जेसनमध्ये उतरवली की मात्र नल स्लाइसचा 'नल' होतो आणि रिकाम्या स्लाइसचा रिकामा कंस, आणि पलीकडचा फ्रंटएंडवाला आपल्या नावाने खडे फोडतो.

म्हणजे ज्या नलला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, तो निदान आरडाओरडा तरी करत होता. त्याला परत आणा असं मी म्हणत नाही. शोधलं आणि सापडलं नाही, तर रिकामी यादी खुशाल द्या. शोधताच आलं नाही, तर एक्सेप्शन वर जाऊ द्या. आणि मंजुरीचा निर्णय ऑलमॅचवर सोपवण्याआधी यादीत काही आहे का, तेवढं बघा.