विचारण्यात लाज कसली?

आमगाव, सालेकसा, तिरोडा या भागांतील कितीतरी मुले-मुली रोज रेल्वेने गोंदियाच्या महाविद्यालयांत येतात. १९५८ साली मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि धानपट्ट्यातील खेड्यांना उच्च शिक्षणाचे दार जवळ आले. परंतु दारातून आत शिरणे म्हणजे शिकणे नव्हे. मराठी किंवा उर्दू माध्यमाच्या शाळेतून आलेला विद्यार्थी विज्ञानाच्या वर्गात बसतो. इंग्रजीतले व्याख्यान त्याला अर्धेच उमगते. तरीही तो गप्प राहतो. वर्ष सरते, शंका साचत जातात. घरचे कौतुकाने म्हणतात, "पोरगा फार लाजाळू आहे."

वाचकहो, ही खरोखर हया आहे काय? हया हा ईमानाचा भाग आहे. ती माणसाला वाइटापासून रोखते. जी ज्ञानापासून रोखते, तिला हया कसे म्हणावे? तिच्या तळाशी बहुधा भीती असते, की लोक हसतील, आपले अज्ञान उघडे पडेल. म्हणजे येथे जपला जातो तो अहंकार.

हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सार स्त्रियांची प्रशंसा केली, ती धर्म समजून घेताना लज्जा त्यांच्या आड आली नाही म्हणून. स्त्रियांनी प्रेषितांकडे (सल्ल.) शिकवणीसाठी वेगळा दिवस मागितला आणि तो त्यांना मिळालाही. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अलै.) स्वतः पैगंबर असूनही शिकण्यासाठी दूरचा प्रवास करतात. शिष्य झाल्याने त्यांचा मान उणावला नाही. त्याच प्रसंगात सब्रचाही धडा आहे. आधी नीट ऐकावे, मग विचारावे.

म्हणून विद्यार्थ्याने न उमगलेले त्याच दिवशी वहीत टिपावे आणि तास संपल्यावर प्राध्यापकांना विचारावे. परतीच्या गाडीत मित्राला तोच भाग समजावून सांगावा. जे सांगता येत नाही, ते अजून समजलेले नाही. शंका विचारणाऱ्यावर हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की उद्याच्या त्याच्या मौनात त्यांचाही वाटा असेल. पालकांनीही केवळ गुण विचारू नयेत. "आज काय विचारलेस?" असेही मुलांना पुसावे.

ज्ञान वाढावे, ही प्रार्थना कुरआनने साक्षात प्रेषितांना (सल्ल.) शिकवली. अल्लाहपुढे जे हात आपण पसरतो, ते वर्गात वर करण्यास कचरू नये. अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान आणि ते मागण्याचे धैर्य देवो. आमीन.